मुखदाह विकार आणि लाळेतील बदल

जिभेचे टोक, जिभेच्या कडा, ओठाची आतली बाजू किंवा टाळू यांची रोज आग होते. पण तोंडात ना फोड, ना चट्टा. अशी आग दिवसाला २ तासांहून जास्त होत राहिली, ३ महिन्यांहून अधिक टिकली आणि तपासणीत दुसरे कारण सापडले नाही, तर तिला मुखदाह विकार किंवा बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो सर्वाधिक आढळतो.

मराठवाड्यात बायका ‘जीभ पोळल्यावानी होते’, ‘तोंडाची नुसती आग आग होते’ असे सांगतात. घरचे ‘कडकी झाली, सब्जा घे’ म्हणतात. तोंड आले असेल तर फोड तरी दाखवता येतो. इथे दाखवायला काहीच नसते, म्हणून बाईच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हे दुखणे खरे आहे. त्यात चव आणि वेदना वाहून नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंचे काम बिघडलेले असते, असे आज मानले जाते. अनेकींना सकाळी बरे वाटते आणि दिवस कलेल तशी आग वाढते.

बहुतेक रुग्ण सोबत तोंडाला कोरड पडल्याचे आणि कडवट चव येत असल्याचेही सांगतात. लाळेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. निरोगी माणसाच्या तोंडात काही न चघळता मिनिटाला सुमारे ०.३ ते ०.४ मिली लाळ येते; ०.१ मिलीच्या खाली गेली तर लाळ कमी झाली असे धरतात. मोजणी अगदी साधी आहे. तासभर काही न खाता-पिता रुग्णाने मान खाली घालून बसायचे आणि तोंडात साठणारी लाळ ५ मिनिटे मापाच्या नळीत सोडायची. या विकारात कोरड जाणवते, पण नळीत लाळ पुष्कळदा पुरेशी भरते. काही अभ्यासांत न चघळता येणारी लाळ कमी आढळली, चघळल्यावर येणारी मात्र बहुधा नेहमीइतकीच. म्हणजे जाणवणारी कोरड आणि मोजलेली कोरड यांचा मेळ बसेलच असे नाही.

प्रमाण ठीक असले तरी घटक बदललेले असू शकतात. लाळेचा बुळबुळीतपणा म्युसिन या प्रथिनामुळे असतो. त्याचा थर बिघडला की जीभ दातांवर घासते, भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो. म्युसिन, पिठूळ अन्न पचवणारे अमायलेज आणि ताणाशी निगडित संप्रेरक कॉर्टिसॉल यांत फरक नोंदवले गेले आहेत. मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे निव्वळ लाळ तपासून निदान करता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, रानात काम करताना पाणी कमी पडते आणि लाळ आटते. म्हणून पुन्हा मोजताना दिवसाची वेळ तीच ठेवावी आणि आधी पुरेसे पाणी प्यायलेले असावे. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या, मधुमेह, लोह किंवा बी-१२ ची कमतरता, बुरशीचा संसर्ग हेही आधी तपासायला हवे. सुपारी, गुटखा किंवा खर्रा खाणाऱ्याची आग वेगळी असते: तिखट घास लागताच तोंड भाजते, गालाची आतली कातडी पांढुरकी व ताठ होते, तोंड पूर्ण उघडत नाही. तो सबम्युकस फायब्रोसिस असू शकतो आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. तपासणी लांबवू नये. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

वयावरून मात्र फसू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांची कमी वयात गर्भाशये काढल्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे परिणाम तिशीतच सुरू होतात. अशा बाईने तोंडाची आग सांगितली, तर ‘तुझं वय नाही’ म्हणून तिला परत पाठवणे चूकच.

उपचारात मज्जातंतूंच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या स्वतःच तोंड कोरडे पाडतात. म्हणून त्या सुरू करण्याआधी लाळ मोजलेली बरी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लोनाझेपामची (मज्जातंतू शांत करणाऱ्या औषधाची) गोळी चोखून, सुटलेली लाळ आग होणाऱ्या जागी ३ मिनिटे धरून थुंकायची, ही पद्धतही वापरतात. ती गोळी विरघळायलाही लाळच लागते.