सर्पस्तंभाची डोकी सुलतानाने उडवली नाहीत

इस्तंबूलच्या हिप्पोड्रोमच्या, म्हणजे रथशर्यतींच्या जुन्या मैदानात पिळवटलेल्या तीन नागांचा एक कांस्याचा स्तंभ आहे. 1453 मध्ये शहर जिंकल्यावर उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदने गदेच्या एका फटक्यात त्याच्या एका नागाचा जबडा तोडला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि बिनडोक्याच्या स्तंभाचं खापर त्याच्यावर फुटतं. एखादा जबडा तेव्हा दुखावला असेलही. पण तिन्ही डोकी उडवल्याचा आरोप टिकत नाही. 1582 च्या शाही उत्सवाच्या उस्मानी लघुचित्रांत ती दिसतात. ती पडली 1700 साली, असं उस्मानी इतिहासकार सिलाहदार यांनी नोंदवलंय. एका डोक्याचा वरचा जबडा 1848 मध्ये सापडला. तो तिथल्याच पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

मुळात हा स्तंभ या शहराचा नाहीच. इसवी सनपूर्व 479 मध्ये प्लाटिया इथे पर्शियनांना हरवल्यावर ग्रीकांनी तो डेल्फीच्या अपोलो मंदिराला अर्पण केला. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात तो इथे आणला. वेटोळ्यांवर पर्शियनांविरुद्ध लढलेल्या 31 नगरांची नावं कोरली आहेत. त्यांत टेनोस बेटाचं नाव मला सगळ्यात हृद्य वाटतं: सॅलमिसच्या आरमारी लढाईच्या आधी त्यांचं एक जहाज पर्शियनांची बाजू सोडून ग्रीकांना येऊन मिळालं, शत्रूच्या हालचालींची खात्रीची बातमी घेऊन. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, त्याच जहाजामुळे ते छोटं बेट या यादीत आलं.