मोटार लहान होते, रंग लहान होत नाही

फोर्ड जीटी४० या शर्यतीच्या मोटारीच्या नावातला ४० हा आकडा तिच्या इंचांतल्या उंचीवरून आला आहे. १:६४ या प्रमाणात, म्हणजे खरीच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या खेळण्यातल्या प्रतिकृतीत, ती उंची जेमतेम १६ मिलिमीटर भरते. गल्फ या तेल कंपनीच्या फिकट निळ्या आणि नारिंगी रंगांतली अशी एकच मोटार, चॅसी (सांगाडा) क्रमांक १०७५, फ्रान्समधल्या ल माँ येथील २४ तासांची शर्यत १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. मुंबईत डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या छोट्या मोटारींचा छंद असलेले आम्ही काही जण दुकानात मिळणारी साधी मोटार खोलतो, तिचा रंग उतरवतो आणि तिला अशा एखाद्या जुन्या विजेत्या मोटारीचे रूप देतो. हे काम हाताच्या कौशल्याचे आहेच. पण त्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. लांबी, रुंदी आणि उंची ६४ पटींनी कमी करता येते, पदार्थाचे गुणधर्म मात्र तसे कमी करता येत नाहीत.

वजनाचेच पाहा. लांबी ६४ पटींनी घटली की घनफळ २,६२,१४४ पटींनी घटते. खरी जीटी४० टनाच्या आसपास होती, म्हणजे या हिशेबाने तिची प्रतिकृती चार ग्रॅमांची असायला हवी. हातात घेतलेली धातूची मोटार त्याच्या कितीतरी पट जड लागते, कारण तिचे अंग पातळ पत्र्याचे नसून मिलिमीटरभर जाडीचे ओतीव असते आणि खऱ्या मोटारीच्या मापात ही जाडी सहा सेंटिमीटरांहून अधिक होते. हा धातू म्हणजे झामॅक: मुख्यतः जस्त, सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम. तो ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्यामुळे पोलादी साच्यात दाबाने सहज भरता येतो. त्यात शिशाचा अंश थोडासा जरी जास्त झाला, तरी दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवर गंज शिरतो आणि वस्तू आतून फुगून तडकते. चोर बाजारात दुसऱ्या महायुद्धापूर्वीची एखादी मोटार मिळालीच, तर रंगाआधी अंगावरच्या केसासारख्या भेगा पाहाव्यात. अशी मोटार दुरुस्त होत नाही.

तळाच्या रिवेटांची डोकी ड्रिलने हळूहळू कातरली की अंग आणि तळ वेगळे होतात. काचा आणि आसने प्लास्टिकची असल्याने ती आधी काढून ठेवावीत, कारण पेंट रिमूव्हर त्यांना विरघळवतो. हे काम हातमोजे घालून आणि उघड्या खिडकीशीच करावे. कॉस्टिक सोड्याने रंग स्वस्तात निघतो असे काही जण सांगतात, तो सल्ला मी कुणालाही देणार नाही. जस्त आम्लाप्रमाणेच अल्कलीतही विरघळते, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि रंगाबरोबर बारीक नक्षीही झिजते. उघड्या जस्तावर थेट ऑइल पेंट दिला, तर रंगातली तेले आणि जस्त यांच्या संयोगातून साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल असलेला एच (etch) प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला लेप, लावायचा. तो धातूला किंचित खातो आणि तिथेच घट्ट बसतो.

खरी कसोटी यापुढे आहे. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी सहज होते. खऱ्या मोटारीच्या मापात हा लेप जवळजवळ पाच मिलिमीटरांचा झाला, म्हणजे दाराच्या फटीहूनही जाड! त्यात ओल्या रंगाचा पृष्ठताण त्याला धारदार कडांवरून मागे ओढतो आणि खाचांत साठवतो, म्हणून कडा उघड्या पडतात आणि दाराच्या रेघा बुजतात. यावर उपाय असा, की रंगाआधी प्रत्येक रेघ सुईसारख्या टोकाने खोल करून घ्यायची आणि एअरब्रशने अगदी विरळ हात मारायचे. चंदेरी रंगात अडचण आणखी वाढते. १९५४ च्या मर्सिडीजसाठी खऱ्या मोटारीचाच मेटॅलिक रंग वापरला, तर त्यातला २० मायक्रॉनचा अॅल्युमिनियमचा कण प्रतिकृतीवर सव्वा मिलिमीटरच्या चमकीसारखा दिसतो. इथे अतिशय बारीक दळलेल्या कणांचाच रंग हवा.

पावसाळ्यात मुंबईची हवा यात भर घालते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगातला थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो आणि धातू गार पडतो. जुलैत तापमान २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, २६ अंशांच्या जवळ असतो, म्हणजे पृष्ठभाग तीन अंशांनी गार झाला तरी ओल्या रंगावर बाष्प जमते. गडद निळ्या बॉनेटवर पाहता पाहता दुधाळ झाक पसरते, आधी कडांवर आणि मग मध्यभागी. जानेवारीच्या कोरड्या दुपारी हाच दवबिंदू कितीतरी खाली असल्याने तोच रंग आरशासारखा वाळतो. पावसाळ्यात थांबणे जमत नसेल, तर हळू उडणारा रिटार्डर थिनरमध्ये मिसळावा. झाक आलीच, तर रिटार्डरचाच हलका फवारा ती बहुधा घालवतो.

रंगाची छटा ठरवताना जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर विसंबून राहू नये. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे अशा छायाचित्रात इटलीची लाल मोटार काळपट उमटते आणि फ्रान्सची निळी मोटार पांढुरकी. त्या काळी बहुतेक शर्यतींत मोटारीचा रंग देशानुसार ठरलेला असे, ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल. म्हणून आधी शर्यतीच्या नोंदीत ती मोटार कोणत्या देशाकडून उतरली होती ते शोधावे, आणि मगच रंगाची बाटली उघडावी.