घरगुती नेटवर्कवरील फाइल शेअरिंग

एकाच राउटरला जोडलेल्या विंडोज, मॅक व लिनक्स संगणकांना एकमेकांचे फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखे उघडता यावेत, यासाठी केलेली जोडणी. प्रत्येकाच्या डिस्कची रचना वेगळी असली तरी त्यामुळे अडत नाही. फाइल देणारा संगणक आपली डिस्क आपणच वाचतो आणि समोरच्याला फक्त मजकूर पाठवतो. जुळावा लागतो तो दोघांमधला प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम.

घरात हा प्रोटोकॉल बहुधा एसएमबी असतो. १९८०च्या दशकात तो आयबीएममध्ये तयार झाला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवला. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास, नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटे तपासत, त्याचा युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारा सर्व्हर, म्हणजे फाइल देणारा प्रोग्रॅम, लिहिला. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेला शब्द शोधताना त्याला ‘सांबा’ हे नाव मिळाले. लिनक्सवर आजही तोच वापरतात. अ‍ॅपलने मॅकच्या २०१३च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून स्वतःच्या एएफपी या प्रोटोकॉलऐवजी एसएमबीला पसंती दिली. सन कंपनीचा एनएफएस हा प्रोटोकॉल लिनक्स-लिनक्समध्ये सुटसुटीत आहे. मात्र साध्या मांडणीत तो वापरकर्त्याला नुसत्या क्रमांकाने ओळखतो, म्हणून मिश्र घरात त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

बहुतेकांचे घोडे अडते ते ओळख पटवताना. सांबाची पासवर्डांची यादी स्वतंत्र असते. लिनक्समध्ये लॉग-इन करण्याचा पासवर्ड तिथे आपोआप जात नाही, तो वेगळा नोंदवावा लागतो. विंडोज रोज चार आकडी पिनने उघडणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड आठवत नसतो, आणि नेटवर्कवर पिन चालत नाही. मॅकवर विंडोजसाठी फाइल शेअरिंग देताना प्रत्येक खात्यापुढे वेगळी खूण करावी लागते.

‘नेटवर्क’च्या यादीत संगणक न दिसणे ही तक्रार त्याहून किरकोळ. दिसणे आणि जोडले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅक बाँजूर या अ‍ॅपलच्या शोधपद्धतीने शेजारचे संगणक शोधतो, आजचा विंडोज दुसऱ्याच पद्धतीने. यादीवर विसंबण्यापेक्षा फाइल देणाऱ्या संगणकाचा १९२.१६८.१.२० असा नेटवर्कवरचा पत्ता थेट टाकावा: विंडोजमध्ये त्याआधी दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन, मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड-के दाबून. राउटरमध्ये तो पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवला की पुन्हा शोधाशोध नको. एक संगणक पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर मात्र सहसा काहीच चालत नाही. ते वायफाय मुळात वेगळे ठेवण्यासाठीच असते.

जुनी उपकरणे कधीकधी एसएमबीची पहिली आवृत्ती मागतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा प्रोग्रॅम याच आवृत्तीच्या विंडोजमधील त्रुटीतून पसरला होता. तेव्हा नेटवर्कला जोडलेल्या एखाद्या जुन्या डिस्कपेटीच्या हट्टापायी ती सुरू करू नये.

फाइलींच्या नावांतही खोड्या असतात. लिनक्सवर चालणारी प्रश्नचिन्हाची किंवा अपूर्णविरामाची नावे विंडोज स्वीकारत नाही. मराठी नावांत ‘ऱ’ सांभाळावा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात, तो एका अक्षराने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खाली नुक्ता असा दोन घटकांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना दुसऱ्या प्रकारे साठवत असे. लिनक्स नावे बहुधा बाइटनुसार, म्हणजे दिसण्यावरून नव्हे तर साठवलेल्या आकड्यांवरून, जुळवतो, त्यामुळे त्याच्या एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या वर्षाच्या नोट्स’ दोनदा दिसतात आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.