सोलापूर जिल्ह्यात ‘आपदा मित्र’ होण्यासाठी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

सोलापूर जिल्ह्यात येणारा मोठा पूर बहुतेक वेळा जिल्ह्याबाहेर पडलेल्या पावसाचा असतो. पुणे जिल्ह्यातील धरणांचे पाणी उजनीत येते आणि उजनीतून भीमेत सुटते, वीर धरणाचे पाणी नीरेवाटे नीरा नृसिंहपूरजवळ भीमेला मिळते, तर सीना अहिल्यानगरकडून उतरते. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावांना वेढा घातला, तेव्हा लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे, म्हणजे सोलापूर शहरापासून 250 किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. पथक पोहोचेपर्यंतचे तास गावातल्या माणसांनाच काढावे लागतात, आणि ते तास प्रशिक्षित हातांत असावेत यासाठीच ‘आपदा मित्र’ ही स्थानिक स्वयंसेवकांची योजना आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ही योजना 2016 मध्ये देशातील 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू केली. पुढे तिचा विस्तार 350 जिल्ह्यांपर्यंत करून एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. जिल्हा पातळीवर हे काम आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 25 नुसार स्थापन झालेल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. त्यामुळे अर्ज कोणत्याही खासगी संस्थेकडे किंवा मध्यस्थाकडे न देता जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन शाखेत किंवा आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयातच द्यावा. स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत आणि ही बाब तहसीलदारांच्या कानावर घालावी.

योजनेच्या निकषांनुसार अर्जदार त्याच जिल्ह्याचा रहिवासी असावा, त्याचे वय 18 ते 40 वर्षांच्या दरम्यान असावे, किमान सातवीपर्यंत शिक्षण झालेले असावे आणि तो शरीराने व मनाने तंदुरुस्त असावा. माजी सैनिक, वैद्यकीय क्षेत्रातील व्यक्ती किंवा स्थापत्य अभियंते यांच्यासारख्या अनुभवी लोकांना वयाच्या अटीत सवलत देता येते. महिलांनी अर्ज करण्यास मागे राहू नये, असे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण निवारा केंद्रात बाळंतीण, लहान मुले आणि वृद्ध स्त्रिया असतात तेव्हा गावातल्या प्रशिक्षित महिलेसारखा आधार दुसरा नसतो. भीमा, सीना आणि नीरेच्या काठावरील भोई-कोळी समाजातील पोहणाऱ्या व होडी चालवणाऱ्या तरुणांनी तर हा अर्ज जरूर करावा. पाणी त्यांना ठाऊक आहेच, त्याला प्रथमोपचाराची आणि दोराच्या कामाची जोड मिळाली की गावाचे बळ कितीतरी वाढते.

अर्जासोबत आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षणासाठी गुणपत्रिका, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे तयार ठेवावीत. पोहणे, होडी चालवणे, वाहन परवाना, परिचर्या, विद्युत काम अशी काही कौशल्ये असल्यास त्यांचा उल्लेख अर्जात ठळकपणे करावा. आधारवरील आणि दाखल्यावरील नावात फरक असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्यावा. प्रत्येक तुकडीच्या वेळी प्रशासन जी सूचना काढते, तिच्यातील कागदपत्रांची यादीच अंतिम मानावी. आजार लपवून तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मिळवू नये, कारण त्याने अर्जदाराचा आणि त्याच्यावर विसंबणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

निवड झालेल्यांना 12 दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळते. पूर, आग, भूकंप अशा आपत्तींतील शोध व बचाव, प्रथमोपचार आणि जखमींची ने-आण हे त्याचे मुख्य भाग असतात. श्वास आणि हृदय थांबलेल्या प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. हे ऐकायला सोपे वाटते, पण पुतळ्यावर सराव करताना दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि आपण किती उथळ दाबत होतो ते कळते. पाण्यातल्या बचावाचाही एक क्रम आहे. आधी काठावरून हाक द्यायची, मग काठी किंवा दोर पुढे करायचा, नंतर तरंगणारी वस्तू फेकायची, त्यानंतर होडी न्यायची आणि स्वतः पाण्यात उतरणे हा अगदी शेवटचा पर्याय ठेवायचा. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि त्यात दोघेही बुडतात, म्हणून हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत घोटून घ्यावा लागतो.

प्रशिक्षणानंतर स्वयंसेवकाला ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि जीवनरक्षक जाकीट, शिरस्त्राण, विजेरी, शिट्टी, हातमोजे, गमबूट, प्रथमोपचार पेटी अशा साहित्याचा संच दिला जातो, तसेच तीन वर्षांसाठी गट विम्याची तरतूद आहे. ही नोकरी नाही आणि तिला वेतन नाही, हे अर्ज करण्यापूर्वी घरच्यांशीही स्पष्ट बोलून घ्यावे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘युवा आपदा मित्र’ हा वेगळा मार्ग आहे. त्यात राष्ट्रीय छात्र सेना, राष्ट्रीय सेवा योजना, माय भारत (केंद्र सरकारचे युवकांसाठीचे व्यासपीठ) आणि स्काउट-गाइड यांच्या सदस्यांची निवड होते, म्हणून त्यांनी आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत चौकशी करावी. होमगार्डची भरती स्वतंत्र असते आणि तिचा या अर्जाशी संबंध नाही.

निवड यादीत नाव आल्यानंतर मोबाइल क्रमांक बदलला किंवा दुसऱ्या गावी राहायला गेलात, तर तहसील कार्यालयात लगेच लेखी कळवावे, कारण पुराच्या रात्री बोलावणे त्याच यादीवरून होते. आपत्तीच्या वेळी स्वतःहून घटनास्थळी धाव घेण्याऐवजी जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर आपली उपलब्धता कळवावी आणि नेमून दिलेल्या पथकासोबतच जावे. तातडीच्या मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक आहेत.