रेस दिली की गाडी कण्हते? गॅरेजला येण्याआधी एवढं पाहा

ॲक्सिलरेटर दाबला की सूंऽऽ असा आवाज चढत जातो, पाय काढला की उतरतो. ही तक्रार घेऊन येणारे बरेच जण निदानही सोबतच आणतात: ‘अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेलाय, बदलून टाका.’ कधी कधी ते बरोबरही असतं. पण या आवाजाची डझनभर कारणं असू शकतात. अंदाजाने भाग बदलत गेलं तर खरा दोषी शेवटी सापडतो, फक्त तोवर आधीचे तीन भाग विनाकारण नवे झालेले असतात.

म्हणून कोणता भाग गेला हे आम्हाला सांगू नका. आवाज कधी येतो, कधी थांबतो, ते सांगा.

उभ्या गाडीत येतो का?

मोकळ्या हवेत, सपाट जागी गाडी उभी करा. बंद शेडमध्ये नको, धूर कोंडतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर) आणि हळूहळू दोन-अडीच हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) रेस द्या. आवाज इथेही तसाच चढला, तर तो बहुधा इंजिनाचा किंवा इंजिनावर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा आहे (मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं एक बेअरिंगही असू शकतं, त्याची खूण पुढे क्लचपाशी दिली आहे). आला नाही, तर गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत शोधायचं. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा भाग) याला अपवाद आहे, कारण त्याच्यावर खरा ताण गाडी ओढत असतानाच येतो.

आवाज बॉनेटखालचा असेल तर

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, पण टोकाला एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. वळवताना कण्हणं वाढलं तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपाकडे संशय जातो. त्याच्या टाकीतलं ऑइल कमी झालेलं असतं किंवा त्यावर फेस दिसतो. फेस म्हणजे आत हवा शिरते आहे. नुसतं ऑइल भरून भागणार नाही, गळती शोधावी लागेल. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर हा पंप नसतोच, हा परिच्छेद सोडून द्या.

मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम चालू करा. तेवढ्याने आवाज बदलला तर अल्टरनेटर बघायला हवा. (आवाज फक्त म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरमधून येत असेल आणि रेसबरोबर चढत असेल, तर ती बहुधा वायरिंगची किंवा अर्थिंगची भानगड असते, बेअरिंगची नव्हे. असे ग्राहकही येतात.)

अल्टरनेटरसारखे भाग फिरवणारा इंजिनाचा पट्टा कण्हण्यापेक्षा किंचाळतो, विशेषतः थंड इंजिन सुरू करताना. त्याच्यावर ग्रीस, ऑइल असलं काही लावू नका. आवाज जातो, दोन दिवसांनी पट्टाही जातो. आम्ही पट्टा उतरवून क्षणभर इंजिन चालवतो. आवाज थांबला तर पुली, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग), अल्टरनेटर, पाण्याचा पंप यांपैकी कुणाचं तरी बेअरिंग बोलतंय. मग एकेक पुली हाताने फिरवली की खरखर बोटांना कळते. हे मात्र घरी करू नका. फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही किंवा बोटं नेणं तर नाहीच नाही.

चालत्या गाडीतच येत असेल तर

इथे घाई महागात पडते. आवाज एकाच गिअरमध्ये येतो का, ते पाहा. तसं असेल तर त्या गिअरचे दाते किंवा त्याचं बेअरिंग. सगळ्याच गिअरमध्ये येत असेल तर आधी गिअरबॉक्सचं ऑइल तपासायचं. एका ग्राहकाने दुसरीकडे चाकांची दोन बेअरिंग बदलून घेतली होती, आवाज जिथल्या तिथे. आम्ही गाडी वर घेतली तर ॲक्सलच्या ऑइल सीलमधून गिअरबॉक्सचं ऑइल थेंबथेंब गळत होतं आणि आत जेमतेम अर्धं उरलं होतं. सील बदललं, ऑइल भरलं, आवाज बराच उतरला. पूर्ण गेला नाही, कारण कोरडे चाललेले दाते झिजले होते. तेवढी झीज ऑइलने भरून येत नाही.

क्लचचीही एक खूण आहे, ती उभ्या गाडीतच पाहायची. गाडी न्यूट्रलला असताना आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, पेडल दाबल्यावरच येत असेल तर बहुधा क्लचचं रिलीज बेअरिंग.

मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत रेसवर कण्हणं आणि पाय काढताच गप्प होणं, असं मागून ऐकू आलं तर क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकं) तपासून घ्या.

रेस सोडली तरी वेगाबरोबर घूंऽऽ चालूच राहत असेल, तर तो चाकाचा विषय. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर टायर; हलकं वळण घेताना कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंग.

टर्बोची बारीक शीळ नवीन गाडीतही असते. ती सायरनसारखी मोठी झाली, ओढ कमी झाली किंवा काळा धूर येऊ लागला, तर हवेचा पाइप फाटलेला किंवा टर्बोचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं. रिव्हर्स घेताना येणाऱ्या आवाजासाठी मात्र येऊ नका. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरचे तिरके. सरळ दाते आवाज करणारच.

आवाजासोबत बॅटरीचा किंवा ऑइलचा दिवा लागला, तापमानाचा काटा चढला किंवा स्टिअरिंग अचानक जड झालं, तर सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा आणि फोन करा. पाण्याचा पंप काही इंजिनांत टायमिंग बेल्टवरच (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्यावर) फिरतो. तो अडकला तर बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.

गॅरेजमध्ये आलं की आवाज गप्प बसतो, हा नेहमीचाच अनुभव. त्यामुळे शेजारी बसलेल्या कुणाला तरी तो मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. तेव्हाचा वेग, आरपीएम आणि गिअर लिहून ठेवा. पहिली चक्कर मारताना गाडी तुम्हीच चालवा, आम्ही बाजूला बसून ऐकतो. आवाज तुमच्या पायाखाली येतो, आमच्या येईलच असं नाही.