रंगमंचावरचा दिवा मंद होतो तेव्हा

एकांकिका स्पर्धांचा हंगाम जवळ आला की मुंबईतल्या महाविद्यालयांत दरवर्षी नवी मुले बॅकस्टेजला येतात आणि त्यांतल्या एखाद्याच्या हाती लाइटचा बोर्ड सोपवला जातो. फेडर, म्हणजे बोर्डावरची सरकपट्टी, खाली ओढला की दिवा मंद होतो, हे त्याला पाच मिनिटांत समजते. आणि नळ अर्धा बंद केल्यावर धार बारीक होते तसा डिमर, म्हणजे दिवा मंद करणारे उपकरण, विजेची धार बारीक करतो, असा त्याचा पक्का समज होतो. नाटकाच्या तांत्रिक बाजूची बाराखडी गिरवणाऱ्याने हा समज लवकरात लवकर सोडलेला बरा, कारण स्पीकरमधली घरघर, तापलेली न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार आणि ऐन प्रयोगात उडालेला दिवा या तिन्ही गोष्टींचा उलगडा त्यानंतरच होतो.

विजेचा प्रवाह खरोखरच रोखून धरणारे डिमर पूर्वी होते. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशांतल्या काही नाट्यगृहांत मिठाच्या पाण्याच्या भांड्यात धातूची पट्टी वरखाली करून दिव्याच्या वाटेतला रोध कमीजास्त करत. तारेचे रोधकही वापरात होते. दोन्हींत बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाई. 1957 मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर हा अर्धवाहक स्विच आणला आणि काही वर्षांतच रंगमंचाचे डिमर बदलले.

थायरिस्टरची खोड अशी की त्याला इशारा दिला की तो चालू होतो आणि प्रवाह शून्यावर येईपर्यंत काही केल्या बंद होत नाही. आपल्याकडची वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची, म्हणजे तिची लाट सेकंदाला 100 वेळा शून्यातून जाते आणि प्रत्येक अर्धी लाट 10 मिलिसेकंदांची असते. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेच्या सुरुवातीला दिवा बंदच ठेवतो, ठरलेला वेळ थांबतो आणि मग चालू करतो. थांबण्याचा वेळ जितका जास्त तितका लाटेचा उरलेला तुकडा लहान आणि दिवा मंद. फेडर आपण हळुवार ओढत असलो तरी आत मात्र सेकंदाला 100 वेळा पूर्ण बंद आणि पूर्ण चालू असा खेळ चाललेला असतो. टंगस्टनची तार तेवढ्या वेळात थंड होत नाही म्हणून डोळ्याला तो दिसत नाही.

आता लाटेचा बरोबर अर्धा भाग कापला, म्हणजे 5 मिलिसेकंद थांबून डिमर चालू केला, असे धरू. प्रभावी व्होल्टता, म्हणजे तेवढीच उष्णता देणारी स्थिर व्होल्टता, 230 ला दोनच्या वर्गमुळाने भागून सुमारे 163 होते. पण तापलेल्या तारेचा प्रकाश व्होल्टतेच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो, त्यामुळे प्रकाश निम्म्यावर न थांबता तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जातो आणि 3200 केल्विन रंगतापमानाचा दिवा 2800 केल्विनच्या आसपास येऊन तांबूस होतो. संध्याकाळच्या प्रवेशात जुने हॅलोजन, म्हणजे टंगस्टन तारेचे दिवे, आपोआप शोभून दिसतात ते यामुळेच.

याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते. पाचव्या मिलिसेकंदाला लाट शिखरावर, म्हणजे 325 व्होल्टवर असते आणि दिव्यावरची व्होल्टता शून्यावरून एकदम तेथे उडी मारते. अशा तुटक लाटेत 50 हर्ट्झबरोबर 150, 250, 350 अशा विषम पटींच्या लहरी, म्हणजे हार्मोनिक, मिसळलेल्या असतात. त्या दिव्याच्या तारेला कंप देतात आणि दिवा चक्क गुणगुणतो. माइकची केबल लाइटच्या केबलला बिलगून टाकली असेल तर तेच गुणगुणणे स्पीकरमधून ऐकू येते. म्हणून अनुभवी मंडळी दोन्ही केबली विंगेच्या वेगवेगळ्या बाजूंनी नेतात आणि एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडू देतात. डिमरमधली चोक, म्हणजे तारेचे वेटोळे, ही उडी थोडी पसरवते, पण पुसून टाकत नाही.

खरी मौज न्यूट्रलमध्ये आहे. तीन फेजांवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांवर, सारखा भार असला तर पूर्ण प्रकाशात त्यांचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि न्यूट्रलमध्ये काहीच उरत नाही. फेजांमध्ये 120 अंशांचे अंतर असते. तिसऱ्या हार्मोनिकसाठी मात्र ते तिप्पट, म्हणजे 360 अंश होते, त्यामुळे तिन्ही फेजांचे 150 हर्ट्झचे प्रवाह रद्द न होता एकत्र साचतात. सगळे दिवे वर सांगितल्याप्रमाणे अर्धी लाट कापून लावले तर हिशेबाने न्यूट्रलमधला प्रवाह एका फेजच्या प्रवाहाच्या 1.4 पट निघतो. दिवे मंद आहेत, म्हणजे तारांवरचा ताण कमी झाला, असे मानून बारीक न्यूट्रल ओढणारा वायरमन येथे फसतो.

तिसऱ्या घंटेनंतर पहिलाच दिवा उडाला की अपशकुन झाला म्हणून हळहळणारी मंडळी अजूनही भेटतात. नारळ जरूर वाढवावा, पण थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्शाएवढाच असतो, हेही लक्षात ठेवावे. 1000 वॅटचा दिवा चालू असताना 4.3 अँपिअर घेतो. थंड असताना एकदम चालू केला तर पहिल्या काही मिलिसेकंदांत त्याच्या कित्येक पट घेतो आणि झिजलेली तार नेमकी तेव्हाच तुटते. दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या ठिकाणी एकाच दिवशी लागोपाठ वेगवेगळी नाटके लागतात, दिवे थंड होतात आणि पुन्हा तापतात. पडदा उघडण्यापूर्वी काही मिनिटे दिवे अगदी पुसट तापवून ठेवले तर हा अपशकुन बराचसा टळतो.

एलईडी आल्यावर हे सगळे संपले, असे विक्रेते सांगतात आणि सोबत 1 कोटी 67 लाख रंगांचे आमिष दाखवतात. तो आकडा म्हणजे 256 चा घन, त्यापलीकडे काही नाही. बोर्डाकडून दिव्याला जाणाऱ्या डीएमएक्स 512 संदेशात प्रत्येक चॅनलला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात. हॅलोजनमध्ये शेवटच्या पायऱ्यांवर तारेत दिसण्याजोगा प्रकाशच नसतो आणि उरलीसुरली ऊब हळूहळू विझते. एलईडीला अशी ऊब नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला 1 वरून 0 वर झालेली उडी स्पष्ट जाणवते आणि दहा सेकंदांचा तरल फेड आऊट अखेरीस खट्कन तुटतो. दिव्यात सोय असेल तर एका फेडरसाठी दोन चॅनल जोडून 65,536 पायऱ्या मिळवता येतात. तशी सोय नसेल तर शेवटचा प्रकाश एखाद्या जुन्या हॅलोजनवर सोपवून एलईडी थोडे आधीच विझवावेत.