ओझोनक्षयकारी रसायनांचे नियमन (मुंबई)

स्थितांबरातील ओझोनचा नाश करणाऱ्या क्लोरीनयुक्त व ब्रोमीनयुक्त रसायनांचे उत्पादन, आयात आणि वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची व्यवस्था. तिचा पाया १६ सप्टेंबर १९८७ चा माँट्रियल करार. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि २००० साली पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली स्वतंत्र नियम झाले. मुंबईकर मात्र हे सगळे ‘एसीचा गॅस’ एवढ्याच नावाने ओळखतो.

जुन्या फ्रिजमधला आर-१२ हा सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. १ ऑगस्ट २००८ पासून देशात सीएफसींचे उत्पादन थांबले, तेही मुदतीच्या १७ महिने आधी. सूट राहिली ती दम्याच्या पंपांना. पुढे पंपांतही दुसरा वायू आला. एसीतला आर-२२ ओझोनला सीएफसी-११ च्या सुमारे साडेपाच टक्केच अपाय करतो, म्हणून त्याला २०३० पर्यंत मुदत मिळाली. त्यानंतर २०४० पर्यंत फक्त दुरुस्तीपुरता अगदी थोडा वाटा.

कारखाना आणि न्हावाशेवा बंदर इथवर परवाना व कोटा चालतो. खरी गळती त्यापुढे, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर. खाऱ्या हवेने वर्सोवा, वरळीकडच्या कॉइल लवकर खंगतात. एप्रिलमध्ये फोन जातो, “गॅस संपलाय.” वास्तविक गॅस संपत नाही; तो बंद नळीत फिरत असतो, कमी झाला म्हणजे गळला. उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा दिसेल तिथे ब्रेझिंग (टॉर्चने धातू वितळवून सांधा बुजवणे), मग व्हॅक्यूमने नळीतली हवा काढून वजन करून चार्जिंग, अशी योग्य रीत. पण नायट्रोजनचा सिलिंडर सातव्या मजल्यावर कोण चढवणार? गेज लावून ‘टॉप-अप’ होते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. असा किलोभर आर-२२ हवेत गेला की तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो.

नव्या एसीतले आर-४१०ए व आर-३२ ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात. त्यांच्यासाठी माँट्रियल करारातली किगाली दुरुस्ती आहे: भारतात वापर २०२८ ला गोठणार, २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटणार. विक्रोळीच्या गोदरेजने आर-२९० चे एसीही बाजारात आणले. आर-२९० म्हणजे प्रोपेन, ज्वालाग्राही. व्हॉल्व्ह उघडून गॅस ‘फुस्स’ सोडायचा आणि लगेच टॉर्च पेटवायचा, ही जुनी सवय तिथे जिवावर बेतू शकते.